डॉक्टर होण्याची घाई आणि कॉलेजचे चौथे वर्ष

भीमजयंती असो, बुद्धपौर्णिमा असो की धम्मचक्र प्रवर्तन दिन असो, वंदना व भाषणे आटोपून मंडळी जेवणाच्या रांगेत उभी राहिली की अमेरिकेतील आपल्या कुटुंबांत एक प्रश्न हमखास निघतो. "आमच्या मुलीचे क्रेडिट तीनच वर्षांत पुरे होत आहेत. मग चौथ्या वर्षाची फी कशाला भरायची? लवकर डिग्री घेऊन मेडिकलला अर्ज केला तर काय बिघडले?" विचारणाऱ्या पालकांच्या चेहऱ्यावर काळजी असते आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर थकवा. रांगेत उभ्याउभ्या दिलेले उत्तर अपुरे राहते. म्हणून संस्थेच्या शिक्षणविषयक कामात आम्ही जे वाचले, विचारले आणि मुलांच्या बरोबरीने पाहिले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने सविस्तर मांडत आहोत.

घाई कोठून येते?

महाराष्ट्रात बारावी झाली की नीट परीक्षा द्यायची आणि जागा मिळाली की अठराव्या वर्षी एमबीबीएस सुरू. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, एक वर्षाची इंटर्नशिप, म्हणजे चोविसाव्या वर्षाच्या सुमारास मूल डॉक्टर होते. अमेरिकेतील रस्ता निराळा आहे. येथे आधी कॉलेजची पदवी, ती साधारण चार वर्षांची. मग मेडिकल स्कूलची चार वर्षे. त्यानंतर रेसिडेन्सी. फॅमिली मेडिसिन किंवा बालरोग घेतले तर तीन वर्षे, जनरल सर्जरीला पाच, न्यूरोसर्जरीला सात. तिकडून आजीचा फोन येतो, "तुझी मामेबहीण दवाखान्यात लागली, तू अजून कॉलेजातच?" मुलाला उत्तर सुचत नाही आणि आईवडिलांनाही सुचत नाही.

ही घाई आम्ही हसण्यावारी नेत नाही. आपल्यातील अनेक घरांत डॉक्टर होणारे हे पहिलेच मूल आहे. मागे धाकटी भावंडे आहेत, गावाकडे म्हातारी माणसे आहेत, घराचा हप्ता आहे. एका वर्षाची फी वाचली तर कोणाला नको आहे? शिवाय एक वर्ष आधी डॉक्टर झाले तर पुढे एक वर्षाची मिळकत जास्त, हा हिशेबही चुकीचा नाही. पण या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. लवकर पदवी म्हणजे लवकर प्रवेश, असे आपण मानून चालतो. येथेच घोटाळा होतो. पदवी केव्हा मिळते आणि अर्ज केव्हा तयार होतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी अर्जाचे वेळापत्रक

अमेरिकेतील बहुतेक एमडी मेडिकल स्कूलसाठी ॲम्कास नावाची एकच सामाईक अर्जव्यवस्था आहे. टेक्सासच्या सरकारी संस्थांसाठी वेगळी व्यवस्था आहे आणि ऑस्टिओपॅथिक म्हणजे डीओ संस्थांसाठी आणखी वेगळी. ॲम्कासचा अर्ज मे महिन्याच्या सुरुवातीला भरण्यासाठी खुला होतो, मेअखेरीस सादर करता येतो, आणि जूनच्या अखेरीस संस्थांकडे जाऊ लागतो. त्याआधी कॉलेजच्या प्रत्येक विषयाचे गुण तपासले जातात. गर्दीच्या दिवसांत या तपासणीला कित्येक आठवडे लागतात. मग प्रत्येक संस्था आपले स्वतंत्र निबंध मागते. ऑगस्ट-सप्टेंबरपासून मुलाखती सुरू होतात आणि त्या पुढच्या वसंत ऋतूपर्यंत चालतात. बहुतेक ठिकाणी जागा जसजशा अर्ज येतील तसतशा भरल्या जातात, म्हणून उशिरा अर्ज करणाऱ्याचे नुकसान होते. निवड झाली तर प्रत्यक्ष वर्ग पुढच्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतो.

थोडक्यात, आज जूनमध्ये अर्ज केला तर प्रवेश चौदा महिन्यांनी. हे एक वाक्य पालकांनी लक्षात ठेवले तरी पुढचे सारे सोपे होते.

चार वाटा, एक उदाहरण

समजा, एक मुलगी ऑगस्ट २०२६ मध्ये कॉलेजात गेली. पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, म्हणजे दर सत्राला १५ याप्रमाणे आठ सत्रे. हायस्कूलच्या एपी परीक्षांचे काही क्रेडिट तिच्याजवळ आहेत आणि उन्हाळ्यात एखाददुसरा विषय घेण्याची तिची तयारी आहे. तिच्यापुढे चार वाटा आहेत.

पहिली वाट नेहमीची. मे २०३० मध्ये पदवी. अर्ज जून २०२९ मध्ये, म्हणजे तिसरे वर्ष संपताना. प्रवेश ऑगस्ट २०३०.

दुसरी वाट खऱ्या घाईची. मे २०२९ मध्ये पदवी आणि त्याच ऑगस्टमध्ये प्रवेश. यासाठी अर्ज जून २०२८ मध्ये गेला पाहिजे, म्हणजे दुसरे वर्ष संपताच. त्याआधी एमकॅट परीक्षा झाली पाहिजे. अर्जात फक्त चार सत्रांचे गुण दिसतील.

तिसरी वाट अशी : पदवी मे २०२९ मध्येच, पण अर्ज दुसऱ्या वर्षी न करता जून २०२९ मध्ये करायचा. प्रवेश ऑगस्ट २०३०. नीट पाहिले तर प्रवेशाची तारीख पहिल्या वाटेसारखीच आहे. अर्जात दिसणारी सत्रेही तेवढीच, सहा. फरक इतकाच की चौथ्या वर्षी फी भरण्याऐवजी ती काम करील आणि चार पैसे मिळवील.

चौथी वाट साडेतीन वर्षांची. अर्ज जून २०२९ मध्ये, पदवी डिसेंबर २०२९ मध्ये, प्रवेश ऑगस्ट २०३०. एका सत्राची फी वाचते, अर्जाला धक्का लागत नाही, आणि मधले सात-आठ महिने कामासाठी मिळतात.

या चार वाटांपैकी फक्त दुसऱ्या वाटेने मुलगी एक वर्ष आधी डॉक्टर होते. तिसऱ्या आणि चौथ्या वाटेने ती पहिलीइतक्याच वेळात, पण कमी कर्जात डॉक्टर होते. "लवकर पदवी घ्यावी का?" हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांना खरे म्हणजे तिसरी किंवा चौथी वाट हवी असते आणि ते अजाणता दुसरीकडे वळतात.

दुसऱ्या वाटेवरील खाचखळगे

गेल्या काही वर्षांत एमडीसाठी दरवर्षी सुमारे ५२ हजार विद्यार्थी अर्ज करतात आणि सुमारे २३ हजारांना प्रवेश मिळतो. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले, बहुतेक चांगल्या गुणांची, त्या वर्षी रिकाम्या हाताने परततात. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.७५ च्या वर असतो आणि एमकॅटचे सरासरी गुण ५११ ते ५१२ च्या आसपास असतात. एमकॅटची श्रेणी ४७२ ते ५२८ अशी आहे.

एमकॅटमध्ये चार विभाग असतात : जीवशास्त्र व जैवरसायन, रसायन व भौतिक, मानसशास्त्र व समाजशास्त्र, आणि उताऱ्यांचे आकलन व विश्लेषण. परीक्षा केंद्रात जवळजवळ साडेसात तास जातात. जैवरसायन हा विषय पुष्कळ मुले तिसऱ्या वर्षी घेतात, कारण त्याआधी ऑरगॅनिक केमिस्ट्री पूर्ण व्हावी लागते. दुसऱ्या वाटेच्या विद्यार्थ्याला हे सर्व दोन वर्षांत बसवावे लागते. एमकॅट पुन्हा देता येते, पण वर्षात तीन वेळा, दोन वर्षांत चार वेळा आणि आयुष्यात सात वेळा, अशी मर्यादा आहे. आणि आधीचे गुणही संस्थांना दिसतात.

जीपीएचे गणित पाहू. एका मुलाचा दोन वर्षांनंतर, ६० क्रेडिटवर, जीपीए ३.४ आहे. पहिल्या सत्रात घर सोडल्यामुळे गडबड झाली, पुढे तो सावरला. त्याने दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस अर्ज केला तर ३.४ दिसेल. तिसऱ्या वर्षाचे ३० क्रेडिट त्याने पूर्ण ४.० ने केले तर जीपीए ३.६ होतो. चौथ्या वर्षीही तसेच केले तर ३.७ होतो. ज्याचा आलेख वर चढतो आहे, त्याला प्रत्येक सत्र उपयोगी पडते. आपली कितीतरी मुले अशीच आहेत. घरात कोणी कॉलेजच्या रीतिभाती सांगणारे नसते, म्हणून पहिले वर्ष अडखळते, आणि मग ती जोमाने पुढे जातात. अशा मुलाची सत्रे आपणच कापून टाकणे म्हणजे उभे पीक पोटरीत असतानाच कापण्यासारखे आहे.

लवकर संपविण्यासाठी एका सत्रात १८ ते २० क्रेडिट घेण्याचा मोहही होतो. ऑरगॅनिक केमिस्ट्री, भौतिकशास्त्र, दोन प्रयोगशाळा आणि वर आणखी दोन विषय घेतल्यावर एखाद्या विषयाची श्रेणी घसरली, तर ती कायमची नोंदली जाते. ॲम्कास कॉलेजच्या सर्व विषयांचे गुण धरते. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात घेतलेले विषयसुद्धा त्यात येतात. जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांचा जीपीए वेगळा काढून दाखविला जातो.

आणखी एक खाच एपी क्रेडिटची. कॉलेज ते क्रेडिट पदवीसाठी मान्य करते म्हणून मेडिकल स्कूलही मान्य करील असे नाही. काही संस्था एपीवर विसंबून सोडलेला विज्ञानाचा विषय मान्य करीत नाहीत. काही म्हणतात, त्याच विषयातील वरच्या पातळीचा अभ्यासक्रम घेऊन दाखवा. तेव्हा पदवी तीन वर्षांत होते, पण मेडिकलच्या अटी पूर्ण होत नाहीत, अशी विचित्र स्थिती येऊ शकते. प्रत्येक संस्थेच्या अटी आधी पाहूनच विषय ठरवावेत. अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने, म्हणजे एएएमसीने, सर्व संस्थांची माहिती एकत्र केली आहे, तिचा उपयोग करावा.

गुणांच्या पलीकडे

भारतात परीक्षेचे गुण हेच प्रवेशाचे दार असते. येथे गुण हा फक्त उंबरठा आहे. अर्जात विद्यार्थ्याला आपले पंधरापर्यंत अनुभव लिहिता येतात आणि त्यांपैकी तीन सर्वांत महत्त्वाचे म्हणून सविस्तर सांगता येतात. रुग्णांच्या सान्निध्यात किती काळ घालविला, डॉक्टरांचे काम जवळून पाहिले का, संशोधन केले का, समाजासाठी काही केले का, हे तेथे विचारले जाते. प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात. साधारणपणे दोन विज्ञानाच्या आणि एक इतर विषयाच्या प्राध्यापकाचे पत्र मागितले जाते. दोनशे-तीनशे मुलांच्या वर्गातील विद्यार्थ्याला प्राध्यापक नावाने ओळखू लागायलाच दीड-दोन वर्षे जातात. काही कॉलेजांत समितीचे एकत्रित पत्र देण्याची पद्धत असते आणि त्याची मुदत अर्जाच्या कित्येक महिने आधी असते. दुसऱ्या वाटेच्या विद्यार्थ्याला ही मुदत दुसऱ्या वर्षाच्या मध्यावरच गाठावी लागते.

येथे एक धम्मकथा आठवते. एका विहारात एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतः त्याला आंघोळ घातली, उचलून अंथरुणावर ठेवले, आणि नंतर भिक्खूंना रुग्णसेवेचा उपदेश केला. विनयपिटकातील ही कथा आपण विहारात अनेकदा ऐकतो. मेडिकल स्कूलची निवड समिती जो अनुभव मागते, त्याचा गाभा हाच आहे. रुग्णाचे अंग पुसताना, त्याची चाकांची खुर्ची ढकलताना, म्हाताऱ्या माणसाची तीच तक्रार दहाव्यांदा ऐकताना आपल्याला हे काम जमेल का, आवडेल का, हे विद्यार्थ्याला स्वतःलाच कळले पाहिजे. नर्सिंग सहायक, रुग्णवाहिकेवरील ईएमटी, डॉक्टरांच्या नोंदी लिहून घेणारा स्क्राइब, हॉस्पिसमधील स्वयंसेवक अशी कामे येथे विद्यार्थ्यांना मिळतात. या कामांना वेळ लागतो, आणि १८ क्रेडिटच्या सत्रात तो सापडत नाही.

म्हणूनच आज अमेरिकेत मेडिकलला प्रवेश घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून बरेच अधिक विद्यार्थी पदवीनंतर एक किंवा अधिक वर्षे थांबून आलेले असतात. आपल्याकडे "वर्ष वाया गेले" असे जे म्हणतात, ते येथे लागू पडत नाही. आजीला हेच समजावून सांगावे लागते.

पैशाचा हिशेब

चौथे वर्ष टाळल्याने किती पैसे वाचतात, हे प्रत्येक घराचे वेगळे असते. पूर्ण फी स्वतः भरणाऱ्या किंवा कर्ज काढणाऱ्या कुटुंबाचा मोठा भार हलका होतो. पण ज्या मुलाला कॉलेजकडून आणि पेल ग्रँटमधून जवळजवळ पूर्ण मदत मिळते, त्याने चौथे वर्ष सोडले तर वाचण्यासारखे फारसे काही नसते. उलट मिळणारे अनुदान तो सोडून देतो. अनेक कॉलेजांची शिष्यवृत्ती आठ सत्रांसाठी असते आणि न वापरलेली सत्रे पुढे मेडिकलसाठी वळती करता येत नाहीत. पेल ग्रँट पहिली पदवी मिळाली की थांबते. पदवीनंतर जीपीए सुधारण्यासाठी जादा विषय घ्यावे लागले तर ते स्वतःच्या खर्चाने. म्हणजे वाचविलेली फी दुसऱ्या दाराने निघून जाते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने विद्यार्थी कर्जाचे नियम बदलले. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे केंद्र सरकारचे कर्ज बंद, आणि मेडिकलसारख्या व्यावसायिक शिक्षणासाठी वर्षाला ५० हजार डॉलर व एकूण २ लाख डॉलर अशी कमाल मर्यादा. पुष्कळ मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा फी व राहण्याचा खर्च याहून जास्त आहे. वरची रक्कम खासगी कर्जातून, शिष्यवृत्तीतून किंवा घरातून उभी करावी लागेल. त्यामुळे पदवीच्या काळात वाचविलेल्या पैशाला आता पूर्वीपेक्षा अधिक किंमत आहे. तिसरी आणि चौथी वाट आम्हाला महत्त्वाची वाटते ती याचसाठी.

पण खर्च कमी करण्याचा तो एकच मार्ग नव्हे. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलने २०१८ मध्ये सर्व विद्यार्थ्यांची शिकवणी फी माफ केली. ब्रॉन्क्समधील अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेजने २०२४ मध्ये मोठ्या देणगीच्या आधारे तेच केले. अशा ठिकाणी निवड होणे अवघड असते हे खरे. पण एक वर्ष थांबून अर्ज भक्कम झाला आणि त्यामुळे चांगली शिष्यवृत्ती मिळाली, तर ते वर्ष फीपेक्षा जास्त देऊन जाते. अर्जाचाही खर्च असतो. एमकॅटची फी, प्रत्येक संस्थेची फी, निबंधांची फी. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी एएएमसीची फी-सवलत योजना आहे. अर्ज करण्यापूर्वीच ती मंजूर करून घ्यावी, नंतर भरलेले पैसे परत मिळत नाहीत. कच्चा अर्ज करून नकार आला तर हा सारा खर्च पुन्हा करावा लागतो, आणि वाचविलेले वर्षही हातचे जाते.

मधल्या वर्षात विम्याची चिंता पालक करतात. आईवडिलांच्या आरोग्य विम्यात २६ वर्षे वयापर्यंत मूल राहू शकते. कामासाठी दुसऱ्या राज्यात जाताना मात्र विचार करावा, कारण सरकारी मेडिकल स्कूल आपल्या राज्याच्या रहिवाशांना प्राधान्य देतात आणि रहिवासाचा हक्क गमावणे महाग पडते.

व्हिसावर असलेल्या मुलांसाठी

ज्यांच्याकडे नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड नाही, त्यांनी हा भाग दोनदा वाचावा. अनेक मेडिकल स्कूल फक्त नागरिक व ग्रीनकार्डधारकांचेच अर्ज घेतात. परदेशी विद्यार्थ्यांना घेणाऱ्या संस्था थोड्या आहेत आणि त्यांपैकी काही फीची मोठी रक्कम आगाऊ दाखविण्यास सांगतात. आईवडिलांच्या एच-१बी वर अवलंबून असलेल्या मुलाचा एच-४ दर्जा एकविसाव्या वर्षी संपतो, आणि एच-४ वरील मुलाला नोकरी करता येत नाही. एफ-१ विद्यार्थ्याला पदवीनंतर बारा महिने आपल्या विषयाशी संबंधित काम करण्याची ओपीटी परवानगी मिळू शकते, पण त्यात ९० दिवसांपेक्षा जास्त बेकारी चालत नाही. विज्ञान विषयांना पुढे मुदतवाढीची तरतूद आहे, पण तिच्या अटी वेगळ्या आहेत. अशा मुलाने तीन वर्षांत पदवी घेतली तर त्याचे विद्यार्थी म्हणून राहण्याचे एक वर्ष कमी होते आणि ओपीटीचे घड्याळ एक वर्ष आधी सुरू होते. इतरांना सोयीची असणारी तिसरी वाट त्याला अडचणीची ठरू शकते. कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला व जाणकार वकिलाला विचारल्याशिवाय येथे पाऊल टाकू नये.

बाबासाहेबांचे विद्यार्थीदशेतील दिवस

बाबासाहेबांनी झपाट्याने पदव्या घेतल्या, मग आपल्या मुलांनी का थांबावे, असेही कोणी म्हणतात. बाबासाहेबांचा तो काळ आपण नीट पाहिला पाहिजे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. पदवी हाती आली म्हणून ते थांबले नाहीत, की परत फिरले नाहीत. मिळालेली मुदत त्यांनी पुरेपूर वापरली. अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे विषय घेतले. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्याने अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. परतण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी मिळविली. १९१८ पासून मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात अध्यापन करून पैसे साठविले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. पूर्ण केली.

म्हणजे तीन वर्षांचा खंड त्यांच्याही वाट्याला आला होता. तो लादलेला होता आणि त्यामागे दारिद्र्य व अपमान होता. त्याची आपल्या मुलांच्या सोयीच्या एका वर्षाशी बरोबरी होऊ शकत नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. परत येण्याचे दार उघडे ठेवूनच ते बाहेर पडले आणि मधला काळ त्यांनी पुढच्या शिक्षणाच्या कामी लावला. थांबणाऱ्या विद्यार्थ्यानेही हेच करावे. कोणत्या जूनमध्ये अर्ज करणार हे कागदावर लिहून मगच थांबावे. नुसते "बघू" म्हणून थांबले तर ते वर्ष खरोखरच वाया जाते.

मग निर्णय कसा करावा?

कुटुंबाने एका संध्याकाळी एकत्र बसून पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत, असे आम्ही सुचवितो.

१. अर्ज कोणत्या वर्षीच्या जूनमध्ये तयार होईल? पदवीची तारीख नंतर ठरवावी.

२. त्या जूनपर्यंत जीपीए किती दिसेल? आलेख चढता आहे की स्थिर आहे?

३. जैवरसायनासह सर्व आवश्यक विषय होऊन एमकॅटच्या तयारीसाठी तीन-चार मोकळे महिने मिळतील का?

४. नावाने ओळखणारे आणि मनापासून लिहिणारे तीन प्राध्यापक आहेत का?

५. रुग्णांच्या सान्निध्यात पुरेसा काळ गेला आहे का? की आपण अजून डॉक्टरकीचे फक्त नाव ऐकले आहे?

६. चौथ्या वर्षाचे खरे पैसे कोणाचे? आपले, कर्जाचे, की अनुदानाचे?

७. नागरिकत्वाचा किंवा व्हिसाचा प्रश्न आहे का?

आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. जीपीए भक्कम आहे, एमकॅट झाली आहे, अनुभव आहे आणि मुलाची स्वतःची ओढ आहे, असा एखादा विद्यार्थी दुसऱ्या वाटेने जाऊ शकतो. असे विद्यार्थी असतात, पण थोडे. फी जड जात असेल तर तिसरी किंवा चौथी वाट घ्यावी, तीत कमीपणा नाही. मात्र या वाटेने जाताना पदवीबरोबर जीपीए गोठतो, हे ध्यानात ठेवून गुण पुरेसे असतील तरच निघावे. अनुदान पूर्ण असेल आणि गुण अजून चढत असतील तर चौथे वर्ष सोडू नये. हायस्कूलमध्येच ज्यांचा निश्चय पक्का आहे, त्यांनी पदवी व एमडी एकत्र देणारे अभ्यासक्रम पाहावेत. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत असा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठात सात वर्षांचा. वेळ वाचविण्याची खरी सोय तेथे आहे.

शेवटी दोन शब्द पालकांना आणि दोन विद्यार्थ्यांना. पालकहो, "किती वर्षे राहिली?" हा प्रश्न मुलाला दर रविवारी विचारू नका. त्याऐवजी "या महिन्यात रुग्णालयात काय पाहिलेस?" असे विचारा, आणि उत्तर ऐका. विद्यार्थी मित्रांनो, घरातील पैशाची काळजी ही तुमच्यावरील अविश्वास नाही. आईवडिलांपुढे तारखांचा आणि खर्चाचा कागद मांडा, म्हणजे निम्मी भांडणे मिटतील. अति घाई आणि अति रेंगाळणे ही दोन्ही टोके सोडून चालण्याची शिकवण आपल्याला अडीच हजार वर्षांपूर्वीच मिळाली आहे. ती पाळायची जागा विहारात आहे, तशी कॉलेजच्या वेळापत्रकातही आहे.

ज्या मुलांना अर्ज, निबंध किंवा मुलाखतीच्या सरावासाठी मदत हवी असेल, त्यांनी संस्थेच्या कार्यक्रमाला येताना आपल्या गुणपत्रिका सोबत आणाव्यात. जेवणाच्या रांगेत नव्हे, जेवण झाल्यावर निवांत बसून बोलू.

जयभीम! नमो बुद्धाय!